अण्णांचा तुकडा

बकरीचं दार लागेनासं झालं, तेव्हाच खरं तर सगळ्यांना कळायला हवं होतं. दार वरून लागायचं आणि खाली बोटभर फट राहायची. दादाने बिजागऱ्यांना तेल दिलं, धाकटीने कुलपाची जीभ घासून काढली, आणि आत्याने दोघांनाही वेड्यात काढून स्वतः खांदा लावून दार ढकललं. दाराचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. खालची चासी मधून खचली होती, आणि वरची बॉडी तिच्याबरोबर वाकली होती. हे उमगलं ते खाणीच्या रस्त्यावर अडकलेला टँकर ओढून आणताना. मागून करकर आवाज आला आणि धाकटीने जागच्या जागी ब्रेक दाबला. गाडीतून उतरून तिने खाली वाकून बघितलं, आणि टँकर तिथेच सोडून ती परत आली. अडकलेली गाडी सोडून परत यायची वेळ तिच्यावर आजवर कधी आली नव्हती.

म्हणून आज सुटी असूनही वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. बकरी लोखंडी घोड्यांवर चढली होती. डोंगर, ओढा, चिखल, कुठेही चढते म्हणून आजोबांनी तिला ते नाव दिलं होतं. आजोबा गेले, तरी गाडी आणि नाव दोन्ही टिकलं. आता निदान नाव टिकेल, एवढं तरी नक्की होतं.

दादाने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या कडीपाशी चासीवर टेकवला. जोर लावायची गरजच पडली नाही. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, आणि काळ्या रंगाची एक ढलपी गंजासकट त्याच्या बुटावर पडली.

"घ्या," दादा म्हणाला. "ही आपली चासी."

"हलवू नकोस, भोक मोठं होईल," आत्या म्हणाली.

"आत्या, भोकच आहे ते. आजूबाजूला थोडं लोखंड आहे, एवढंच."

दादा-धाकटीचे वडील, अण्णा, गाडीखाली पाठीवर झोपले होते. त्यांनी हातोडी मागितली आणि चासीचा दांडा वाजवला. थप्. पुढे सरकून वाजवला. थप्. निरोगी चासी खण् वाजते, हे या घरात शाळेत जायच्या आधी शिकवलं जायचं. बकरी कित्येक वर्षं थप् वाजत होती, आणि दर वेळी कुणी ना कुणी म्हणायचं, 'रंगाचे थर आहेत ना, म्हणून तशी वाजते.' दर वर्षी बकरीला खालून काळा रंग द्यायचा, हा घरचा नेम. रंगाचा डबा आत्याच्या ताब्यात, ब्रश सगळ्यांच्या हातात. इतक्या प्रेमाने दुसऱ्या कुठल्या गाडीला कुणी रंगवलं नसेल. रंगाखाली पाणी कोंडत गेलं, लोखंड आतल्या आत खात गेलं, आणि हे सगळे वरून हात फिरवून खूश.

"रंगामुळे," अण्णा खालून म्हणाले, पण आज त्यांच्या आवाजात तेवढा दम नव्हता.

आत्या स्टुलावर बसली. वर्कशॉपचा अर्धा हिस्सा तिच्या नावावर होता आणि स्टोअरच्या खिडकीतून सुटे भाग द्यायचं काम तिचं होतं. त्यामुळे कुणाकडे किती नट-बोल्ट गेले आणि कुणाच्या मनात काय चाललंय, हे दोन्ही तिला बसल्या जागी कळायचं. आज तिला दोन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. एक म्हणजे दादा आधीच कुठेतरी चासी बघून आलाय. दुसरी म्हणजे धाकटी एक अक्षर बोलत नाहीये. एरवी या पोरीला गप्प बसवायला धाक घालावा लागायचा.

"बोल," आत्या दादाला म्हणाली. "कुठे बघून आलास?"

दादा गडबडला. "भंगाराच्या यार्डात. याच मॉडेलची एक गाडी आहे. इंजिन बसलंय तिचं, पण चासी कोरी आहे. वाजवून बघितली मी. खणखणीत."

"आधीच वाजवून आला! आम्हाला इथे सल्लामसलतीला बोलावलं कशाला मग, चहाला?"

"आत्या, तू विचारलंस म्हणून सांगितलं. बॉडी उचलायची, इंजिन उतरवायचं, नवी चासी खाली सरकवायची. मागे गाड्या अडकवून ओढायच्या ओढणीचे ब्रॅकेट तेवढे नव्याने वेल्ड करावे लागतील. बाकी सगळं बोल्टवर."

"आणि चासीचा नंबर? नंबर चासीवर कोरलेला असतो. चासी गेली की कागदोपत्री बकरी मेली."

"नंबर बदलून मिळतो. रीतसर अर्ज केला की होतं."

अण्णा बाहेर सरकले. उठताना त्यांनी डाव्या हाताने बंपर धरला. उजव्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. अलीकडे तो जुडगा सतत त्यांच्या हातात असायचा, आणि सतत वाजायचा.

"चासी बदलायची काही गरज नाही," ते म्हणाले. "गंजलेलं कापून काढायचं. आतून पट्टी, बाहेरून प्लेट, दोन्हीकडून वेल्डिंग. आधीपेक्षा मजबूत होईल. या गाडीवर माझे इतके जोड आहेत, त्यातला एक तरी सुटलाय का? दाखवा."

कुणी दाखवला नाही, कारण खरोखरच सुटला नव्हता.

"बाबांची गाडी आहे," आत्या लगेच म्हणाली. "मी हिच्यावरच शिकले चालवायला. दुरुस्तच करायची. ठरलं."

"कोण करणार दुरुस्त?" दादाने विचारलं.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "म्हणजे काय? मी."

 त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा वाजत राहिला.

*

दिवा धरून उभी असलेली वहिनी, म्हणजे दादाची बायको, हॉस्पिटलमध्ये नर्स होती, त्यामुळे या घरातल्या एका शब्दाचा तिला मनापासून राग यायचा. शब्द होता 'चष्मा'.

अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुटून बरेच दिवस झाले होते. आधी चहाची बशी वाजायची. मग त्यांनी बशी सोडली आणि स्टीलचा मग दोन्ही हातांनी धरायला सुरुवात केली. मग कंप लपवायला किल्ल्या आल्या. घरात सगळ्यांनी बघितलं, आणि सगळे म्हणाले, 'अण्णांचा चष्मा बदलायला झालाय.' वेल्डिंगचा रॉड चिकटून बसला, चष्मा. जोड वाकडा गेला, चष्मा. एकदा शर्टाचं बटण लागत नव्हतं, तेव्हाही आत्या म्हणाली होती, 'या चष्म्याचं काहीतरी कर रे बाबा.' वहिनीने डॉक्टरची वेळ घेतली, तीसुद्धा शेवटी 'चष्म्याच्या डॉक्टरची' असंच सांगून. अण्णा त्या दिवशी सकाळीच बॅटरी आणायला निघून गेले.

आणि धाकटी. अण्णा जेवायला घरी गेले की धाकटी त्यांचे जोड ग्राइंडरने उडवायची आणि नव्याने मारायची. वहिनी एकदा डबा द्यायला आली होती, तेव्हा तिने ते बघितलं. दोघी त्यावर कधी बोलल्या नाहीत. पण गिऱ्हाइकाच्या गाडीचं ते असं निभावलं. बकरी घरची गाडी, दिवसरात्र अण्णांच्या डोळ्यांसमोर. हिच्यावरचा जोड चोरून पुन्हा कसा मारणार? आणि तो सुटला, तर मागे टँकर लटकलेला असताना उतारावर सुटणार, गाडीत धाकटी बसलेली असताना. सगळं अडलं होतं ते इथे. बाकी नंबर, बाबा, यार्ड हे सगळं बोलायला बरं म्हणून चाललं होतं.

"अण्णा," दादा म्हणाला, "एवढं काम, तेही उताणं झोपून. तुमचा चष्मा..."

"चष्मा आहे माझा डोळ्यांवर."

"तसं नाही, पण नंबर वाढला असेल तर..."

"तू मला वेल्डिंग शिकवणार?" अण्णांचा आवाज चढला. "आयुष्यात एक तुकडा धड दिला नाहीस, आणि तू?"

दादा लाल झाला. घाव वर्मी बसला होता. या वर्कशॉपमध्ये कुणीही, अगदी घरचं माणूस असलं तरी, तुकडा दिल्याशिवाय गाडीला रॉड लावत नसे. दोन पट्ट्या जोडायच्या, जोड वाईसच्या, म्हणजे टेबलावरच्या शिकंजाच्या, जबड्याच्या किंचित वर राहील असा तुकडा धरायचा, आणि बाजूने मोठा हातोडा घालायचा. पट्टी वाकली तर पास. जोड तुटला तर परत शिक. हा नियम आजोबांनी घातला, अण्णांनी त्याहून कडक केला. दादाचे तुकडे असे तुटायचे की शेवटी तो गुपचूप खरेदी-विक्रीकडे वळला. धाकटीचे तुटायचे, ती रडायची, परत द्यायची. जो तुकडा टिकला त्याच्याकडे बघून अण्णा म्हणाले होते, 'चालेल.' अण्णांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणालाच मिळाली नव्हती.

आत्या इतका वेळ भावाच्या हातातल्या किल्ल्यांकडे बघत होती. ती उठली.

"मग दे," ती म्हणाली.

"काय?"

"तुकडा. तू म्हणतोस तू करणार. पोरीला गाडीत बसायचंय. दे तुकडा, आणि विषय संपव."

"अक्का, मी? या वर्कशॉपमध्ये मी तुकडा देऊ?"

"बाबांनी नियम घातला तेव्हा खाली तुझं नाव वगळलेलं मला तरी आठवत नाही."

पाच मिनिटांपूर्वी आत्या अण्णांच्या बाजूने होती. वहिनीला वाटलं, अजूनही त्यांच्याच बाजूने आहे, फक्त आता ते अण्णांना आवडणारं नाही.

अण्णांनी सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. सगळ्यात शेवटी धाकटीकडे. ती जमिनीकडे बघत होती.

"आण पट्ट्या," ते तिला म्हणाले.

*

चांगल्या पट्ट्या भिंतीजवळच्या रॅकवर होत्या, एकसारख्या कापलेल्या, स्वच्छ. धाकटी रॅकवरून पुढे गेली आणि बकरीच्या मागच्या टोकाशी जाऊन बसली. ग्राइंडर सुरू झाला. वहिनी तिच्या मागोमाग गेली.

"पट्ट्या तिकडे आहेत," ती हळूच म्हणाली.

"माहितीये."

"मग?"

"चासीवरच जोड मारायचाय ना? मग चासीच्याच लोखंडावर बघू." धाकटीने मान वर केली नाही. ती दांड्याची अशी जागा कापत होती जिथे रंग अजून तुकतुकीत होता, वरून सगळं ठीक दिसत होतं आणि आत काही राहिलं नव्हतं. असल्या पत्र्यावर कुणीही जोड मारला, अगदी वाईट मारला, तरी जोडाच्या आधी पत्रा फाटणार. वहिनीला वेल्डिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. धाकटीचे डोळे मात्र तिला कळले.

"बरं," ती म्हणाली, आणि उजेड नीट पडावा म्हणून हातातला दिवा थोडा खाली धरला.

अण्णांनी मास्क खाली घेतला. काळ्या काचेमागे सगळे गायब झाले, बहीण, मुलगा, मुलगी, सून, आणि त्यांना बरं वाटलं. इथे कधीच कुणी नसायचं. एक ठिणगी, एक वितळलेला थेंब, आणि तो थेंब पुढे नेणं, बस्स. त्यांनी कोपर बरगडीला दाबून धरलं. डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार दिला. रॉड टेकला, चिकटला, सुटला. ते मनात स्वतःलाच शिव्या घालत होते, त्याच शिव्या ज्या त्यांनी दादाला आणि धाकटीला घातल्या होत्या. पुढे सरक. थांबू नकोस. थांबू नकोस, गाढवा. हात थांबत नव्हता. हात नको तिकडे जात होता, आणि त्याला परत आणेपर्यंत थेंब थंड होत होता.

त्यांनी मास्क वर केला. दादाने तुकडा वाईसमध्ये धरला आणि हातोडा उचलला. सगळ्यांनी श्वास रोखला, दादाने सगळ्यात जास्त. त्याने मारला. कुरकुरीत पापड मोडावा तसा आवाज आला आणि तुकड्याचं वरचं टोक उडून भिंतीवर आदळलं.

दादा धावत जाऊन ते घेऊन आला. "जोड शाबूत आहे! पत्रा फाटलाय, बाजूचा पत्रा! हे बघा, जोडाला ओरखडासुद्धा नाही!"

"बघितलंस?" आत्या म्हणाली, आणि तिने डोळ्यांना पदर लावला. तोंडाने मात्र ती भांडल्यासारखी बोलत होती. "उगाच पोरांनी घाबरवलं."

"अण्णा, तुम्हाला चष्म्याची गरजच नाही," दादा हसत सुटला. "लोखंडच बाद आहे. याला सोन्याने वेल्ड केलं तरी टिकणार नाही. म्हणजे चासीच बदलायची, सोपं झालं. तुमचा प्रश्नच नाही!"

सगळे एकदम बोलायला लागले. यार्डात कधी जायचं, बॉडी उचलायला क्रेन कुणाची मागायची. किती सोयीचं झालं होतं. चासी हरली होती आणि माणूस जिंकला होता. वहिनी चहा टाकायला वळलीसुद्धा.

अण्णा तुकडा बोटांनी चाचपत होते. फाटलेली कड त्यांनी अंगठ्याने दाबली, तशी ती चुरली.

"हा कुठून कापलास?" त्यांनी विचारलं.

धाकटी म्हणाली, "मागून."

"मागून कुठून?"

"अण्णा, ठरलंय ना आता. चासी बदलतोय आपण."

"चासीचं ठरलं," अण्णा म्हणाले. "माझं राहिलं."

ते स्वतः रॅककडे गेले, दोन स्वच्छ पट्ट्या घेऊन आले आणि टेबलावर ठेवल्या. ठेवताना त्या एकमेकींवर थडथडल्या.  त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला अडकवला आणि मास्क खाली घेतला.

*

या वेळी धाकटी समोर उभी राहिली. तिच्या डोळ्यांवर काच नव्हती, म्हणून ती उजेडाकडे न बघता आवाज ऐकत होती. चांगल्या जोडाचा आवाज कढईत भजी तळल्यासारखा एकसंध असतो. हा तुटत होता, लागत होता, परत तुटत होता. ती ऐकत होती आणि तिला रडू येत होतं, आणि रागही. कशाला हे? कुणी मागितलं होतं? तिने सगळं जमवून आणलं होतं.

अण्णांनी वरचा काळा पापुद्रा ठोकून काढला, तुकडा वाईसमध्ये घट्ट केला आणि मोठा हातोडा तिच्यापुढे धरला.

"दादा मारेल," ती म्हणाली.

"दादा नाही. गाडीत तू बसणार आहेस."

तिने मारला.

"पाहुण्याला मारल्यासारखा हळूच काय मारतेस? मी तुझ्या तुकड्याला असा मारायचो?"

"अण्णा, नको ना."

"मार."

तिने मारला. या वेळी खरा, खांद्यातून. जोड मधोमध उघडला. पट्टी वाकलीसुद्धा नाही. शिवण उसवावी तसा तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुटला आणि वरचा तुकडा फरशीवर वाजत गेला. स्वच्छ लोखंड, खण् वाजलं.

आत्या परत स्टुलावर बसली. दादा शटरकडे तोंड करून उभा राहिला.

अण्णांनी तो तुकडा उचलला आणि दिव्याखाली धरला. हात हलत होता, त्यामुळे उजेडही त्यावर हलत होता. "इकडे ये. हे काळं दिसतं ना, इथे आत भरलंच नाही. वरून टोपी बसली, आत पोकळ. इथे पुन्हा. आणि ही जागा मात्र बरी आहे, बघ, इथे बोटभर." त्या बोटभर जागेवर ते जरा वेळ थांबले. "बाहेरून काही कळलं नसतं. तू डोळे मिटून बसली असतीस."

"मी परत मारला असता," धाकटी पुटपुटली. "तुम्ही जेवायला गेल्यावर."

"ते माहितीये मला. मला माझा जोड ओळखता येतो, बाई. आणि तुझाही येतो." त्यांनी दोन नव्या पट्ट्या तिच्या हातात दिल्या. "नव्या चासीला ओढणीचे ब्रॅकेट लागतील. ते तू मारायचे. दे तुकडा."

"मी कधीच दिलाय."

"तो गिऱ्हाइकांसाठी. आता तू त्यावर टँकर लटकवणार आणि पुढे स्वतः बसणार. दे."

तिने नाक पुसलं, मास्क घातला आणि रॉड लावला. सगळ्यांनी माना वळवल्या आणि आवाज ऐकला. तळणीचा आवाज, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

हातोडा अण्णांनी दोन्ही हातांनी उचलला. हातोड्याला कंपाचं काही पडलेलं नसतं. त्यांनी जीव खाऊन घाव घातला, मग दुसरा, मग आणखी एक, जणू काही करून तो त्यांना तोडायचाच होता. पट्टी वाकत गेली, वाकत गेली आणि वाईसवर आडवी पडली. अण्णा धापा टाकत खाली वाकले आणि जोडावरून अंगठा फिरवला.

"चालेल," ते म्हणाले.

ते बाकावर बसले. वहिनीने चहाचा मग आणून त्यांच्या शेजारी ठेवला, पण त्यांनी तो लगेच उचलला नाही. उजवा हात त्यांनी मांडीवर उघडा ठेवला आणि सगळ्यांदेखत त्याला हवा तसा हलू दिला. किल्ल्या खिळ्यालाच होत्या.

"अण्णा," वहिनी जपून म्हणाली, "या आठवड्यात वेळ घेऊ का परत? चष्म्याच्या डॉक्टरची?"

"चष्मा ठीक आहे माझा," अण्णा म्हणाले. "हाताच्या डॉक्टरची घे."